पायथन की गो? रोज लिहायला सुखाची भाषा कोणती

भडंगप्रेमी, सांगली
मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांसाठी पट्टी (शेतमालाच्या विक्रीचा कागद) आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर नव्यानं लिहायचंय. आम्ही तिघं, त्यात एक नवखा. वेगाचं सोडा, पायथन की गो, दिवसभर लिहिताना कोणती प्रोग्रॅमिंग भाषा डोकं उठवत नाही?

कृष्णाकाठ
दोन्हींत मुद्दाम चुका करून बघा. चूक झाल्यावर भाषा काय बोलते, त्यावर निम्मं सुख ठरतं. कंस मिटवायचा राहिला, तर जुनं पायथन भलत्याच पुढच्या ओळीवर बोट ठेवायचं. आवृत्ती ३.१० पासून उघडा राहिलेला कंसच दाखवतं. ३.११ मध्ये तर ओळीतला नेमका कुठला तुकडा फुटला, त्याच्याखाली खुणा येतात. नवखा आहे ना, मग सर्व्हरवर जुनी आवृत्ती ठेवू नका.

दुसरं, गुपचूप चालवून घेणारी भाषा नको. फॉर्ममधून आलेला आकडा मजकूरच असतो. जावास्क्रिप्ट या भाषेत मजकूर "१०" अधिक ५ पोती केलं की १०५ पोती! पायथन तिथंच एरर देऊन थांबतं, गोमध्ये कंपाइलच होत नाही (प्रोग्रॅम तयारच होत नाही).

अजिंक्यतारा, सातारा
माझं मत गोला. गोफम्टमुळं (कोडची मांडणी आपोआप करणारं साधन) टॅब की स्पेस हा वादच उरत नाही, तिघांचा कोड एकसारखा दिसतो. न वापरलेला इम्पोर्ट (बाहेरून मागवलेला कोड) राहिला तर बिल्ड अडतं. डीबग (चुका शोधायचं काम) करताना वैताग येतो खरा, पण कचरा साचत नाही. खोड एकच: न भरलेली हमाली आणि शून्य हमाली दोन्ही ० दिसतात. तिथं पॉइंटर (मूल्याचा पत्ता) ठेवा आणि तो निल (रिकामा) आहे का ते तपासा.

कृष्णाकाठ
पैशाला फ्लोट (अंदाजे साठवलेला दशांश आकडा) दोन्हीकडं नको. ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. (गोमध्ये आकडे थेट लिहिले तर ०.३ च दिसेल, फसू नका. व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या जागेत) घालून बघा.) रक्कम पैशांत, वजन ग्रॅममध्ये, पूर्णांक ठेवा. पायथनचं डेसिमल (दशांश नेमके ठेवणारा प्रकार) वापरलंत तर आकडा अवतरणात द्या, नाहीतर फ्लोटची घाण आत येते.

कंदीपेढा
मराठी नावांचं कुणी बोललंच नाही राव. "सांगली"ची लांबी गोमध्ये १८ (बाइट), पायथनमध्ये ६ (काना, अनुस्वार वेगळे मोजून), स्विफ्ट या भाषेत ३ (अख्खी अक्षरं). पट्टीवर नाव २० च्या लांबीवर कापलं, तर गोमध्ये अक्षर अर्धवट तुटून छपाईत चौकोन येतो. पायथनमध्ये "सां"चा अनुस्वार गळून "सा" उरतो, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पायथनला वेगळं रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधणारं) पॅकेज टाका, त्यातल्या \एक्स (मोठा एक्स) खुणेनं अख्खं अक्षर मोजता येतं.