मुलाचं कॉलेज बास्केटबॉल रिक्रूटिंग, कुणी यातून गेलंय का?

एडिसनचा_बाबा

नमस्कार मंडळी, जरा वेगळा विषय आहे पण इथे कुणीतरी असेलच म्हणून विचारतो. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या व्हार्सिटी (मुख्य) टीममधे पॉइंट गार्ड (बॉल आणणारा, खेळ चालवणारा) खेळतो, उंची ६ फूट १ इंच (तो स्वतः ६-२ सांगतो, बूट घालून), जीपीए (मार्कांची सरासरी, ४ पैकी) ३.८ च्या आसपास. उन्हाळ्यात एएयू टीमकडून (शाळेबाहेरच्या क्लबकडून) खेळतो, टीम चांगली आहे पण नाइकी आदिदासच्या मोठ्या स्पर्धांच्या सर्किटवाली नाही, साधी लोकल आहे.

तर झालंय असं की गेले काही महिने त्याला कॉलेजांकडून मेल येतायत, आमच्या कॅम्पला ये, आमचा फॉर्म भर वगैरे, आणि पोरगं हवेत आहे की आपल्याला डिव्हिजन वनवाले (कॉलेज खेळाच्या तीन पातळ्यांपैकी सगळ्यात वरची) बघतायत. दुसरीकडे एका रिक्रूटिंग सर्व्हिसवाल्याचा फोन आला, तो म्हणतो काही हजार डॉलर भरा, आम्ही प्रोफाइल बनवून शेकडो कोचना पाठवतो. बायको म्हणते हे सगळं बंद करा आणि एसएटीकडे (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेकडे) बघा. मला यातलं काही कळत नाही, मी आयुष्यात कॅरम आणि गल्ली क्रिकेट सोडून काही खेळलो नाही.

हे मेल खरे असतात का? सर्व्हिसला पैसे द्यावेत का? आणि स्कॉलरशिप मिळण्याची कितपत आशा धरावी? मोकळेपणाने सांगा, वाईट वाटणार नाही.

---

डॅलसचा_दादा

मोकळेपणाने सांगा म्हणालात म्हणून सांगतो. मी इथे एका एएयू टीमला मदतनीस कोच आहे, पगार शून्य, शनिवार-रविवार जिममधे जातात.

आधी मेलचं. कॅम्पचे मेल म्हणजे रिक्रूटिंग नव्हे. कॅम्प हा कॉलेजच्या स्टाफचा जोडधंदा असतो, कुठल्यातरी इव्हेंटमधून किंवा वेबसाइटवरून पत्ते मिळतात आणि ढिगाने मेल जातात. खरा इंटरेस्ट ओळखायचा तर बघा, कोचने स्वतःच्या मोबाईलवरून मुलाला मेसेज केला का, त्याच्या एएयू कोचला किंवा शाळेच्या कोचला फोन करून चौकशी केली का, ट्रान्सक्रिप्ट (शाळेचे मार्क) मागितली का. डिव्हिजन वनच्या मुलांच्या बास्केटबॉलमधे दहावी संपल्यानंतर १५ जूनपासून कोच थेट फोन-मेसेज करू शकतो, त्याच्या आधी नियमाने फक्त कॅम्पची माहितीपत्रकं आणि फॉर्म असलं पाठवता येतं. तुमचा मुलगा अकरावीत आहे म्हणजे ती तारीख कधीच उलटून गेलीय. आता कुणी कोच प्रत्यक्ष बोलत नसेल तर त्या कॉलेजच्या यादीत तो आज तरी नाहीये. कटू आहे पण असंय.

आकडे सांगतो. एनसीएएच्याच (कॉलेज खेळ चालवणारी संस्था) हिशोबाप्रमाणे हायस्कूलमधे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांपैकी साडेतीन टक्क्यांच्या आसपास मुलं कॉलेजात कुठल्याही डिव्हिजनला पोचतात आणि डिव्हिजन वनला जेमतेम एक टक्का. आणि हे झालं नेहमीचं गणित, गेल्या काही वर्षांत ट्रान्सफर पोर्टलने (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) सगळा खेळच फिरवून टाकलाय. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, २०२१ मधे एकदा बदलायला सूट मिळाली, २०२४ मधे कितीही वेळा बदलायची मोकळीक मिळाली. मग कोचने १७ वर्षांचा पोरगा कशाला घ्यायचा, जो तयार व्हायला दोन वर्षं लागणार आणि तयार झाला की दुसऱ्या कॉलेजात जाणार? त्यापेक्षा तो २१-२२ वर्षांचा, कॉलेजात तीन सीझन खेळून अंग भरलेला गार्ड उचलतो. त्यात जून २०२५ च्या कोर्ट सेटलमेंटनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा सगळे खेळ मिळून एका कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलरच्या आसपास होती, आणि त्या सेटलमेंटमधे आलेल्या कॉलेजांना बास्केटबॉलचा रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) १५ चा. पैसे मोजायचे असले की माणूस तयार माल बघतो.

तुमच्या गावचंच बघा ना. रटगर्स युनिव्हर्सिटीकडे २०२४-२५ ला डिलन हार्पर आणि एस बेली, दोघं फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे), दोघं त्याच वर्षी एनबीए ड्राफ्टमधे पहिल्या पाचात गेले, आणि टीम १५ जिंकून १७ हरून मार्च मॅडनेसच्या (कॉलेजांच्या मोठ्या बाद स्पर्धेच्या) बाहेर. एवढे हिरे आणून ही गत, तर बाकीचे कोच काय धडा घेणार सांगा. आता ६-१ चा लोकल सर्किटवरचा गार्ड म्हटल्यावर डिव्हिजन वन मनातून काढून टाका असं मी म्हणत नाही, पण घराचं बजेट त्याच्यावर बांधू नका.

सर्व्हिसला एक पैसा देऊ नका. त्यांचे घाऊक मेल कोच उघडत नाहीत. पोराने स्वतः लिहिलेला मेल उघडतात.

---

मंजिरी_न्यूटन

दादांनी बरोबर सांगितलंय पण जरा जास्तच घाबरवलंय :) माझी मुलगी डिव्हिजन थ्रीला खेळते, बॉस्टनच्या बाजूलाच, तर तिकडची बाजू सांगते, कारण आपल्या लोकांना ही डिव्हिजन म्हणजे उरलंसुरलं वाटतं आणि ते अजिबात खरं नाही.

एमआयटी, कॅलटेक, शिकागो युनिव्हर्सिटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, एनवाययू, एमरी, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट ही सगळी बास्केटबॉलला डिव्हिजन थ्री. एनवाययूच्या मुलींनी २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षं एकही मॅच न हरता चॅम्पियनशिप घेतली, जाऊन बघा कसल्या खेळतात. तुमच्या जवळ होबोकनचं स्टीव्हन्स आहे, टीसीएनजे आहे, रोवन, माँटक्लेअर आहे. तुमच्या बायकोला इंजिनियरिंग हवं असेल (हवंच असणार) तर स्टीव्हन्सचं नाव घरात एकदा घेऊन बघा, वातावरण निवळेल.

इथे खेळाची स्कॉलरशिप नसते, नियमच आहे. आयव्ही लीग डिव्हिजन वन असूनही तिथे पण नाही, त्यातलं प्रिन्स्टन २०२३ ला मार्च मॅडनेसमधे पंधरावं सीड (खालचं मानांकन) असून स्वीट सिक्स्टीनला (शेवटच्या सोळांत) पोचलं ते एकही खेळाची स्कॉलरशिप न देता. मग फायदा काय? फायदा अ‍ॅडमिशनचा. कोचला तुम्ही खरंच हवे असाल तर बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात तो मुलाची ट्रान्सक्रिप्ट अ‍ॅडमिशन ऑफिसला दाखवून आणतो, त्याला प्री-रीड म्हणतात. ऑफिस साधारण सांगतं की हा चालेल, हा अवघड आहे. मग कोच म्हणतो अर्ली डिसिजनला (लवकर अर्ज, मिळालं तर तिथेच जायचं) अर्ज कर, मी तुझ्यामागे उभा राहतो. प्रत्येक कॉलेजला कोचच्या शब्दाला वजन वेगवेगळं, विल्यम्स-अ‍ॅमहर्स्टसारख्या ठिकाणी बऱ्यापैकी, एमआयटीत कमी, आणि लेखी काहीच नसतं, त्यामुळे सरळ विचारायचं की तुमच्या पाठिंब्यावर आजवर पोरं आत गेली का. आम्ही विचारलं होतं. एका कोचने विषय बदलला, त्या कॉलेजला आम्ही यादीतून काढलं.

३.८ जीपीए आणि गार्ड. मला तर यात डोकं धरण्यासारखं काही दिसत नाही, उलट चांगलंच आहे. एसएटी मात्र द्यायला लावा, बायकोचं ऐका.

---

सदाशिव_अप्पा

आम्ही पुण्यात बसून हे सगळं वाचतोय आणि गंमत वाटते. पोरगा शिकायला कॉलेजात जाणार की बाजारात बैल विकायला? आमच्या वेळी कॉलेजच्या टीमची निवड नोटीस बोर्डावर लागायची, ज्याला यायचं तो चार वाजता ग्राउंडवर. खेळ खेळावा, घाम गाळावा, घरी यावं.

---

डॅलसचा_दादा

अप्पा, वॉक-ऑन (आयत्या वेळी निवड चाचणीला यायचं) म्हणून तुमची सिस्टीम इथेही आहे, फक्त चार वाजता तीनशे पोरं येतात आणि एक जागा असते, कधी तीही नसते.

---

एडिसनचा_बाबा

बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. दादा वाईट नाही वाटलं, खरं सांगितलंत. मंजिरीताई, स्टीव्हन्सचं नाव घरात घेतलं, चहा मिळाला :) आता प्रश्न असा की आम्ही नक्की करायचं काय? म्हणजे मेल कुणी लिहायचा, मी का त्याने, त्यात काय लिहायचं, व्हिडिओ कसा पाठवायचा? आणि कॅम्पला अजिबातच जाऊ नये का?

---

डॅलसचा_दादा

मेल पोराने लिहायचा. तुम्ही लिहिलेला मेल कोच दोन ओळींत ओळखतो, आणि ज्या पोराचा बाप आत्ता मेल लिहितो तो उद्या मिनिटं कमी मिळाली म्हणून फोन करणार हेही ओळखतो. लहान मेल: नाव, कुठल्या वर्षी हायस्कूल संपणार, खरी उंची (बुटाची नको, कोच समोर उभा राहिला की कळतंच), पोझिशन, जीपीए, शाळा, एएयू टीम, जर्सी नंबर, पुढच्या स्पर्धा कुठे आणि कधी, दोन्ही कोचचे फोन नंबर, हडलची (खेळाचे व्हिडिओ ठेवायची वेबसाइट) लिंक. आणि एक ओळ तरी त्या कॉलेजबद्दल, जी दुसऱ्या कॉलेजला चिकटवता येणार नाही. हेड कोचबरोबर असिस्टंटलाही पाठवायचा, बहुतेक ठिकाणी रिक्रूटिंगचं काम तोच करतो.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा पुरे. पहिल्या पाच-सहा क्लिपमधेच सगळ्यात भारी ते टाकायचं, पुढचं कुणी बघेलच असं नाही. संगीत, स्लो मोशन, आगीच्या ज्वाळा नको. गार्ड आहे ना, तर नुसते लांबून मारलेले थ्री-पॉइंटर नकोत, प्रेसमधे बॉल कसा आणतो, पिक अँड रोलमधे पास कधी सोडतो, डिफेन्समधे पाय हलतात का, हे दिसू दे. आणि दोन अख्ख्या मॅचचा व्हिडिओ तयार ठेवा, इंटरेस्ट असलेला कोच तोच मागतो, कारण हायलाइटमधे कुणीच बॉल हरवत नसतं. हरवल्यावर पोरगा मागे पळतो का मान टाकून उभा राहतो, ते बघायचं असतं त्याला.

मेल पाठवायच्या आधी त्या कॉलेजचा रोस्टर उघडून बसा. तीन गार्ड सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचे) असतील तर तिथे जागा नाही, कितीही गोड बोलला कोच तरी. दोन सिनियर (शेवटच्या वर्षाचे) निघून जाणार असतील तर तिथे आधी लिहा. एवढं साधं काम शंभरातली नव्वद घरं करत नाहीत.

कॅम्पचं म्हणाल तर ज्या कोचशी आधी बोलणं झालंय आणि तो म्हणतोय ये, त्याच्याच कॅम्पला जा. डिव्हिजन थ्रीच्या कोचना फोन-मेसेजवर तारखेचं बंधन नाही, त्यामुळे तिकडे आजपासून लिहिलं तरी उत्तर येऊ शकतं. आणि डिव्हिजन वन-टू डोक्यात असेल तर एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरला (खेळायला पात्र आहे का ते तपासतात) नाव नोंदवा, हायस्कूलचे १६ कोअर (मुख्य) विषय लागतात, वनसाठी त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत व्हावे लागतात, शाळेच्या काउन्सेलरला याच आठवड्यात विचारा.

एक अजून, कोचवर जीव जडवून कॉलेज निवडू नका. सेंट पीटर्स आठवतं ना जर्सी सिटीचं, २०२२ ला केंटकीला हरवून पंधरावं सीड पहिल्यांदाच एलिट एटला (शेवटच्या आठांत), आणि सीझन संपल्या संपल्या कोच सीटन हॉल कॉलेजला, मागोमाग बरेच खेळाडूही दुसरीकडे. यात चूक कुणाचीच नाही. पण ज्याने त्या कोचकडे बघून पुढच्या वर्षीसाठी होकार दिला असेल त्याचं काय.

---

एच४_आई

एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहिते. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात की एच-१बीवर? कारण एच-४ (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या मुलांना फेडरल एड मिळत नाही आणि बरीच कॉलेजं त्यांना इंटरनॅशनल धरून मदत ठरवतात. डिव्हिजन थ्रीला पैसे मिळायचे मार्ग दोनच, घरची गरज नाहीतर मेरिट, आणि गरजेवरची मदत अशा मुलांना देणारी कॉलेजं मोजकी आहेत. म्हणजे जिथे खेळाची स्कॉलरशिप नसली तरी चालेल असं आपण म्हणतोय तिथेच फी पूर्ण भरायची वेळ येऊ शकते, आणि खाजगी कॉलेजची फी राहण्याजेवणासकट वर्षाला ८०-९० हजार डॉलर. प्रत्येक कॉलेजला हे आधी विचारा, ऑफर आल्यावर नाही.

दुसरं, एनआयएल (स्वतःच्या नावा-चेहऱ्यावर पैसे कमावणं). २०२१ पासून खेळाडू जाहिराती वगैरे करून पैसे घेऊ शकतात हे एनसीएएच्या नियमात बसतं, व्हिसाच्या नियमात नाही. एच-४ काय, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) काय, काम करून पैसे घेतले की व्हिसाची गोची. स्कॉलरशिप चालते, ती पगार नाही. पण लोकल जिमने फुकट बूट आणि हजार डॉलर देऊन इन्स्टाग्रामवर फोटो टाक म्हटलं तर पोराला हो म्हणू देऊ नका, आधी वकिलाला विचारा.

---

एडिसनचा_बाबा

आम्ही एच-१बीवरच आहोत, ग्रीन कार्डची तारीख कधी करंट होणार (म्हणजे आमचा नंबर कधी लागणार) देवाला माहीत. हे तर डोक्यातच नव्हतं. मग सरकारी कॉलेजं जास्त बरी पडतील का, टीसीएनजे, रोवन अशी? तिथे आम्हाला इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची कमी) फी लागेल का?

---

एच४_आई

राज्याचे नियम वेगवेगळे आहेत आणि कॉलेजचं ऑफिस काय कागद मागतं त्यावर आहे, त्यामुळे माझ्या शब्दावर जाऊ नका. अ‍ॅडमिशनला नाही, रेसिडेन्सी ठरवणाऱ्या ऑफिसला मेल करा आणि उत्तर लेखी घ्या.

---

मंजिरी_न्यूटन

आणि मेरिट देणारी कॉलेजं वेगळी शोधा, विल्यम्स-अ‍ॅमहर्स्ट मेरिट देत नाहीत, फक्त गरजेवर देतात. स्टीव्हन्स मेरिट देतं. तिथेच एसएटीचा उपयोग होतो बघा, चांगला स्कोअर म्हणजे मेरिटचे पैसे. व्यनि (खाजगी निरोप) करते, आमचा मेलचा नमुना आणि कोचना विचारायच्या प्रश्नांचा कागद पाठवते. पोराला म्हणावं जसाच्या तसा उचलू नकोस, मुलीच्या नावासकट पाठवला होता एकाने.