ब्लूग्रास मुळातच मिश्र आहे

नव्या बँडांनी भेसळ करून ब्लूग्रास, म्हणजे तंतुवाद्यांवर वाजणारं हे अमेरिकन लोकशैलीचं संगीत, बिघडवलं, असं काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. ही शैली घडवणाऱ्या बिल मन्रोनं स्वतःच स्कॉटिश-आयरिश फिडलच्या (लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या) चाली, चर्चमधलं गाणं आणि आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटारवादकाकडून ऐकलेला ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) एकत्र आणला होता.

कान द्यावा तो लयीकडे. ड्रम नसतोच, मँडोलिनवर आघात करून लगेच बोटं सैल सोडली की स्वर तुटतो, आणि तो ‘चॉप’ ताल धरतो. पंच ब्रदर्स हा नवा बँड देब्यूसी या फ्रेंच शास्त्रीय संगीतकाराची रचना वाजवतो तेव्हाही वाद्यं तीच: मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार, डबल बेस.

बँजोवादक बेला फ्लेक आणि डबल बेसवादक एडगर मायर यांचा तबलावादक झाकीरभाई (झाकीर हुसेन) व बासरीवादक राकेश चौरसियांबरोबरचा २०२३ चा अल्बम जरूर ऐका. बँजोला तबला इतका जवळचा वाटेल, असं मला वाटलं नव्हतं.