तांबूसाठी आलेल्या देणगीतून औषधांची उधारी फेडता येईल का? (मदत हवी आहे)

गोदाकाठची : नमस्कार. नाशिकच्या मखमलाबाद रस्त्यावरील आमच्या निवाऱ्यात सध्या 34 कुत्री आणि 9 मांजरे आहेत. द्वारका चौकात गाडीखाली सापडलेल्या तांबूच्या शस्त्रक्रियेसाठी केलेल्या आवाहनावर दोन दिवसांत 61,000 रुपये जमा झाले. परंतु शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटेच त्याने माझ्या मांडीवर प्राण सोडला आणि त्याच्यावरचा खर्च 8,400 रुपयांवरच थांबला. इकडे औषधांच्या दुकानात 47,000 रुपयांची उधारी थकली असून, कालपासून सलाईनच्या बाटल्याही मिळेनाशा झाल्या आहेत. तांबूची शिल्लक या उधारीत वळती करता येईल का? कृपया आजच सांगावे.

जमाखर्च : संस्था नोंदणीकृत आहे का, पैसे कोणाच्या खात्यात आले आणि आवाहनातले नेमके शब्द काय होते, हे कळल्याशिवाय उत्तर देणे योग्य होणार नाही.

अंबडचा रहिवासी : ताई, सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे सामाजिक दायित्व निधीसाठी (सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्च करायची रक्कम) अर्ज करा. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे या निधीतून करता येणाऱ्या कामांच्या यादीत, प्राणिकल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे.

जमाखर्च : त्या निधीसाठी आयकर खात्याकडची करसवलतीची नोंदणी (12ए आणि 80जी) लागते, शिवाय तीन वर्षांच्या कामाचा दाखलाही पाहतात. सलाईन आज हवे आहे.

गोदाकाठची : संस्थेची नोंदणी सहधर्मादाय आयुक्त कार्यालयात 2023 मध्ये झाली. पैसे मात्र माझ्या वैयक्तिक खात्यात आले, कारण एक विश्वस्त परगावी असल्याने संस्थेच्या खात्यासाठी लागणाऱ्या सह्या राहून गेल्या. आवाहनात 'तांबूला पुन्हा चालता यावे म्हणून' एवढेच लिहिले होते.

जमाखर्च : मग आधी हे पैसे हलवू नका. तांबूच्या नावाने मागितलेली रक्कम देणगीदारांना न विचारता उधारीत घालणे योग्य नाही. दुसरे असे, की नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात 50,000 रुपयांहून अधिक रक्कम वैयक्तिक खात्यात विनामोबदला आली, तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम तुमचे उत्पन्न धरली जाऊ शकते. सर्व नोंदी घेऊन सनदी लेखापालांना भेटा आणि संस्थेचे खाते याच आठवड्यात उघडा.

पंचवटीकर : महानगरपालिकेकडून निर्बीजीकरणाचे काम घ्यावे, मात्र त्यासाठी प्राणिकल्याण मंडळाची मान्यता लागते.

गोदाकाठची : आम्ही निर्बीजीकरण करत नाही, फक्त जखमींची सेवा करतो.

दर महिन्याची वर्गणी : जमाखर्च यांचे म्हणणे बरोबर आहे, पण मूळ दुखणे निराळे आहे. जखमी जनावराचा फोटो टाकला की पैसे येतात. तांदूळ, फिनाईल, वीजबिल आणि रात्री थांबणाऱ्या मुलाचा पगार यांसाठी मात्र कोणी काही देत नाही. आम्ही दरमहा 300 रुपये देणारी 60 माणसे जोडली, तेव्हा आमची उधारी थांबली. यापुढे आवाहनातच लिहा, की रक्कम उरल्यास ती इतर प्राण्यांच्या उपचारासाठी वापरली जाईल.

जमाखर्च : ते पुढचे झाले. आज देणगीदारांना तांबू गेल्याचे कळवा, 8,400 रुपयांच्या पावत्या दाखवा आणि उरलेली रक्कम परत हवी की औषधांसाठी वापरावी, हे त्यांनाच विचारा.

गोदाकाठची : सांगितल्याप्रमाणे, ज्यांच्याशी संपर्क होऊ शकला त्या सर्वांना कालच कळवले. 143 पैकी 96 जणांनी लेखी होकार दिला, सात जणांचे पैसे त्यांच्या वाट्याप्रमाणे परत केले. होकार पाहून दुकानदारांनी सलाईनचे एक खोके उधार दिले. आज लेखापालांकडे जाते आहे. मात्र 11 जणांचा यूपीआयवरच्या नावापलीकडे काहीच पत्ता लागत नाही. त्यांचे काय करावे?

जमाखर्च : त्यांची रक्कम वहीत वेगळी दाखवा आणि वापरू नका. प्रत्येकाला त्याच यूपीआयवर एक रुपया पाठवून, सोबतच्या संदेशात तुमचा फोन क्रमांक द्या.