प्रतिसाद : लिट्टी म्हणजे बाटी नव्हे

वर कुणीतरी लिट्टीला, म्हणजे सारण भरून भाजलेल्या कणकेच्या गोळ्याला, ‘बिहारची बाटी’ म्हटलंय. दिसायला सारख्या, हे कबूल. पण लिट्टीचा जीव आतल्या सारणात आहे. भाजलेल्या हरभऱ्याचं सत्तू, त्यात कांदा, लसूण, हिरवी मिरची, ओवा, कलौंजी, लिंबू, लोणच्याचा मसाला आणि मोहरीचं कच्चं तेल. हे तेल वगळून करून पाहू नका, चव पार बदलते. (आपलं सातूचं पीठ गहू-डाळ्याचं, गूळ-दुधात कालवायचं, हे वेगळं.) गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली लिट्टी फडक्यात घोळवून राख झटकायची, फोडायची आणि तुपात बुडवायची. सोबत भाजलेल्या वांग्या-बटाट्याचा चोखा, म्हणजे भरीत.

यामागची संस्कृती बघायची तर बिहारमधल्या बक्सरची पंचकोसी यात्रा बघावी. अगहन वद्यात, म्हणजे आपल्या पंचांगाच्या कार्तिक वद्यात, पाच दिवस पाच मुक्काम, आणि प्रत्येक मुक्कामाचा प्रसाद ठरलेला: अहिरौलीला पुआ (तळलेला गोड पदार्थ), नदांवला खिचडी, भभुअरला दही-चुडा (दही-पोहे), नुआंवला सत्तू-मुळा आणि शेवटी चरित्रवनात लिट्टी-चोखा. विश्वामित्रांच्या यज्ञाचं रक्षण केल्यावर राम-लक्ष्मण या वाटेने फिरले, अशी श्रद्धा. शेवटच्या दिवशी माणसं उघड्यावरच गोवऱ्या पेटवतात, सगळीकडे धूरच धूर. देवाचा प्रसाद म्हणून राखेत भाजलेलं हे साधं जेवण जेवतात, हे मला फार मोठं वाटतं.

आणि हो, १८३४ पासून याच भोजपुरी भागातलेही गिरमिटिया, म्हणजे करारावरचे, मजूर मॉरिशसला गेले. तिथली ‘ढोल पुरी’ म्हणजे भोजपुरी घरातली डाळ भरलेली दालपुरीच.