माहलरची नववी: लाइव्ह रेकॉर्डिंग कोणतं घ्यावं? (बजेट २०००)

केतकी_कोथरूड
नमस्कार मंडळी. ऑस्ट्रियन संगीतकार माहलरची नववी सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना) आजवर यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांनी ऐकली. आता एक सीडी विकत घेऊन सलग ऐकायची आहे. लाइव्हच हवं, खोकल्याखाकऱ्यासकट. बजेट दोन हजार, वर एक रुपया नाही. ऐकायला लॅपटॉप आणि साधा हेडफोन. डोक्यावर पंखा, खिडकीखाली रिक्षा स्टँड. कोणत्या कंडक्टरचं (वाद्यवृंद संचालकाचं) घ्यावं, सुचवा.

तंबोरा५८
अब्बाडो, ल्युसर्न, २०१०. डोळे मिटून घ्या. म्हणजे उघडे ठेवून, कारण ती ब्लू-रे आहे. शेवटाकडे सभागृहातले दिवे मंद होत जातात आणि शेवटचा स्वर विरल्यावर दोन मिनिटांच्या वर कोणी हलत नाही. आपल्याकडे भैरवी संपायच्या आत अर्धं सभागृह चपला शोधत असतं. प्लेअर नसेल तर आधी तो घ्या, सोबत बरा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर). मी चाळीस हजारांत भागवलं.

केतकी_कोथरूड
काका, बजेट दोन हजार लिहिलंय हो.

पाटील_म्युनिक
बर्नस्टाइन, बर्लिन फिलहार्मोनिक, ऑक्टोबर १९७९. या ऑर्केस्ट्रासमोर तो आयुष्यात तेवढ्याच वेळी उभा राहिला, तेही अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या मदतीसाठी. शेवटच्या अडाजिओत, म्हणजे संथ भागात, ऐन कळसाला ट्रॉम्बोन वाजतच नाहीत! सांगतात की त्यांच्या मागे बसलेल्या एका श्रोत्याला हार्ट अ‍ॅटॅक आला होता. बर्नस्टाइन गेल्यावर १९९२ मध्ये सीडी निघाली, ती तशीच. लाइव्ह म्हणजे हे.

निषाद
चुका ऐकायला पैसे मोजायचे? कारायान घ्या. तोच ऑर्केस्ट्रा, १९८२, लाइव्हच. सगळे ट्रॉम्बोन हजर.

पाटील_म्युनिक
फार गुळगुळीत. आणि बर्नस्टाइन येऊन गेल्यावरच कारायानने ही सिंफनी रेकॉर्ड करायला घेतली, हेही लिहा की.

निषाद
मग काय झालं? आणि ती हार्ट अ‍ॅटॅकची गोष्ट दर वेळी वेगळी ऐकतो.

मावशी_दादर
भांडू नका रे. केतकी, ब्रूनो वॉल्टर घे. व्हिएन्ना, १६ जानेवारी १९३८. माहलर १९११ मध्ये गेला, ही सिंफनी त्याने कधी ऐकलीच नाही. १९१२ मध्ये पहिल्यांदा वाजवून घेतली ती याच वॉल्टरने. १९३८ च्या मैफलीत व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर आर्नोल्ड रोझे आहे, माहलरच्या बहिणीचा नवरा. दोन महिन्यांत हिटलर व्हिएन्नात आला. दोघंही ज्यू, दोघांनाही देश सोडावा लागला. आवाज जुना आहे, खोकले भरपूर. सत्तर मिनिटांत संपते, म्हणजे एकाच सीडीत बसते. बाकीच्यांच्या दोन-दोन.

जुनी_तबकडी
मावशींना +१. ते रेकॉर्डिंग एचएमव्हीच्या फ्रेड गेस्बर्गने केलं. १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित करणारा तोच!

सुरेल_संजय
गौहरजानच्या तबकड्या कोणाकडे आहेत का? आमच्या आजोबांकडे ट्रंकभर होत्या. घर बदलताना हमालाने ट्रंक जिन्यावरून सोडली.

जुनी_तबकडी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

तंबोरा५८
१९३८ चं कशाला विकत घ्यायचं? ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट आपल्याकडे साठ वर्षांचा. कधीच संपला. ते पैसे अ‍ॅम्पला लावा.

बोरिवली_बाख
झुबिन मेहतांचं नाव अजून कसं नाही? आपला मुंबईचा माणूस, व्हिएन्नात शिकलेला. १९७५ ची व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरची माहलर ऐका, अंगावर काटा येतो.

निषाद
ती दुसरी सिंफनी. आणि स्टुडिओत केलेली.

बोरिवली_बाख
काटा येतो की नाही ते सांगा.

रात्रपाळी
कोणतंही घ्या, पण ऐकायचं कसं ते आधी बघा. सुरुवात अगदी हळू आहे, चेलो आणि हॉर्न. तिथे ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवलात तर पहिल्याच मूव्हमेंटमध्ये (भागात) ट्रॉम्बोन तीच सुरुवातीची लय पूर्ण ताकदीने आपटतात, तेव्हा हेडफोन काढून फेकाल. आधी ती जागा शोधून तिथे आवाज बसवा, मग मागे जा आणि पुन्हा हात लावू नका. शेवटचं पान याच्या उलट. फक्त तंतुवाद्यं, तीही म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) लावून. पंखा चालू असेल तर शेवटची दोन-तीन मिनिटं तुमच्यासाठी वाजलीच नाहीत असं समजा. कान पूर्ण झाकणारा, मागून बंद हेडफोन असेल तर उत्तम. प्लेअरमधली आवाज सारखा करणारी सेटिंगही बंद करा, नाहीतर हळू आणि मोठं सगळं एकाच पातळीवर येईल.

तंबोरा५८
हेच म्हणतोय मी. चांगला अ‍ॅम्प घ्या.

सौ_मंद्रसप्तक
बार्बिरोली, बर्लिन, १९६४. स्टुडिओतलं आहे, माहीत आहे. तरी घ्या. मी ऑनलाइन मागवलं तर डब्यात वॉल्ट्झची सीडी निघाली. परत करायला महिना गेला, पण बार्बिरोलीवरचा विश्वास उडाला नाही.

जुनी_तबकडी
वॉल्टरच घ्या. वर मावशींनी लिहिलंय, तो माहलरला ओळखत होता.

केतकी_कोथरूड
सगळ्यांचे आभार. वॉल्टर यूट्यूबवर ऐकला. पहिल्या मूव्हमेंटला रडू आलं, पण वाद्यं एकमेकांत मिसळतात आणि मला प्रत्येक वेगळं ऐकायचंय. शेवटी बर्नस्टाइनच घेतला, पण अ‍ॅमस्टरडॅमचा, कॉन्सर्टखेबौ ऑर्केस्ट्रा, १९८५, लाइव्ह. जुन्या सीडीवाल्याकडे दोन्ही डिस्क साडेसहाशेला मिळाल्या. या ऑर्केस्ट्रासमोर खुद्द माहलर कंडक्टर म्हणून उभा राहिला होता. रात्रपाळी, आवाज तुम्ही सांगितला तसा लावणार. फक्त लॅपटॉपला ड्राइव्ह नाही हे आत्ता लक्षात आलंय. मेव्हण्याचा मागवलाय.

पाटील_म्युनिक
अ‍ॅमस्टरडॅमचा?? तो फार रेंगाळतो.

तंबोरा५८
साडेतेराशे उरले ना? अ‍ॅम्पसाठी बाजूला ठेवा.