ग्रॅव्हलसाठी कार्बन व्हीलसेट: हुकवाला की हुकलेस? मदत हवी आहे

मंडळी, तीन आठवडे रोज रात्री रिमच्या मापांचे तक्ते वाचून डोकं पिकलंय. आता तुम्हीच सोडवा.

सायकल ग्रॅव्हलची (खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची), ७००सी मापाची चाकं. पुढे १२×१००, मागे १२×१४२ थ्रू ॲक्सल, सेंटरलॉक डिस्क ब्रेक, मागच्या चाकाच्या एक्सडीआर फ्रीहबवर १०-४४ दात्यांची कॅसेट (गिअरच्या चक्रांचा संच). माझं वजन ८८ किलो. सायकल, बाटल्या, पिशव्या धरून एकूण १०२च्या आसपास. सध्या सायकलबरोबर आलेली ॲल्युमिनियमची चाकं आहेत, आतली रुंदी २१ मिमी. मागच्या रिमला दोन पोचे आहेत. त्यातला दुसरा निव्वळ माझ्या आळसाचा: हवा न तपासता निघालो आणि उतारावर दगडावर धाडकन आदळलो. पोचा पान्याने कसाबसा सरळ केला, टायर हवा धरतो, पण चाकाचा आउट (फिरतानाची डगमग) काही पूर्ण निघत नाही.

दोन सेटवर येऊन अडकलोय. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात जाईल.

पहिला हुकवाला, म्हणजे टायर धरून ठेवायला रिमच्या कडेला आत वळलेला ओठ असलेला. आतून २४ मिमी, उंची ४०, दोन्ही चाकांना २८-२८ स्टीलचे स्पोक, निपल (स्पोकला ताण देणारे छोटे नट) बाहेरून फिरवता येतात, हबमध्ये ३६ दात्यांचं रॅचेट. वजन १५६० ग्रॅम. दुसरा हुकलेस, म्हणजे तो ओठ नसलेला. आतून २७, उंची ३५, २४-२४ कार्बन स्पोक, निपल रिमच्या पोटात लपलेले, वजन १३४० ग्रॅम. दिसायला दुसरा म्हणजे... असो.

वापर बहुतेक खडी-मातीवर, ४५ मिमीचे ट्यूबलेस टायर (आत ट्यूबऐवजी भोकं बुजवणारा सीलंट द्रव), हवेचा दाब ३० पीएसआयच्या आसपास. पण वर्षातून चार-पाच वेळा लांब डांबरी राइड असते, तेव्हा त्याच चाकांवर ३०चे टायर चढवायचा विचार आहे. दोन सेट ठेवणं जमणार नाही. मन दुसऱ्यावर, भीती हुकलेसची. २०२४च्या यूएई टूर शर्यतीत सायकलपटू थॉमस डे गेन्टचा टायर रिमवरून निघाला, तो प्रसंग डोक्यातून जात नाही. ही भीती कितपत खरी? आणि २२० ग्रॅम खरंच जाणवतात का?

प्रतिसाद

भीती खरी आहे, पण तुम्ही ती चुकीच्या टायरला लावताय. ४५चा टायर ३० पीएसआयवर हुकलेसमध्ये आरामात बसतो, डोंगरी सायकलींवर हेच कित्येक वर्षं चाललंय. डे गेन्टचा टायर २८चा होता आणि रिम आतून २५ची. म्हणजे अरुंद टायर, रुंद रिम. तुमचा ३०चा टायर २७च्या रिमवर म्हणजे तोच प्रकार, उलट जोडी आणखी ताणलेली. २५च्या हुकलेस रिमला किमान २९चा टायर अशी आताची शिफारस आहे, २७ला त्याहून मोठाच लागणार. शिवाय हुकलेसला ५ बारची, म्हणजे ७२.५ पीएसआयची कमाल मर्यादा. ८८ किलोला ३०च्या टायरमध्ये तुम्ही ६५च्या वर जाणार. मग पंपाचा काटा जरा चुकीचा असला की संपलं. डांबरी राइड ठेवायची असेल तर हुकवाला घ्या. ती सोडायची तयारी असेल तर दोन्ही चालतील.

प्रतिसाद

२२० ग्रॅमचा हिशेब करा की. १०२ किलोत ते ०.२ टक्के. तासाभराच्या चढावर सात-आठ सेकंद. वजन रिमवर असल्यामुळे उठाव घेताना थोडं वेगळं वाटेल, पण तेही थोडंच. एक बाटली कमी भरून निघालात तर याच्या दुप्पट वाचेल.

धागाकर्ता

बाटलीचा मुद्दा लागला :) पण ३५ आणि ४० उंचीत हवा कापण्यात काही फरक?

प्रतिसाद

४५च्या टायरमागे जवळजवळ नाही. रिम बाहेरून टायरपेक्षा निदान ५ टक्के रुंद असली तर हवा नीट चिकटून वाहते, हा १०५चा नियम म्हणून ओळखला जातो. ४५च्या टायरला त्या हिशेबाने ४७ मिमी रुंद रिम लागेल. तुमच्या दोन्ही रिम बाहेरून फार तर ३१-३४ असतील. टायर रिमच्या दोन्ही बाजूंना फुगलेला असताना ५ मिमीच्या उंचीवर वाद घालण्यात अर्थ नाही. आडवा वारा सुटला की मात्र उंची कळते, पण ४०पर्यंत हातात राहतं.

माझा प्रश्न वेगळाच आहे. फ्रेममध्ये जागा किती? रिम आतून १ मिमी रुंद झाली की टायर साधारण ०.४ मिमी फुगतो. टायरवर ४५ लिहिलंय म्हणजे तो कुठल्याही रिमवर ४५ भरेल असं नाही. आधी मोजा, मग बोलू.

धागाकर्ता

मोजलं, आणि बरं झालं मोजलं. सध्याच्या २१च्या रिमवर टायर ४४.५ भरतो. चेनस्टेजवळ (मागच्या चाकालगतच्या फ्रेमच्या नळ्या) ५ मिमीची ॲलन की दोन्ही बाजूंनी जाते, ६ची जात नाही. तुमच्या हिशेबाने २४वर प्रत्येक बाजूची जागा ०.६ मिमीने कमी होईल, २७वर १.२ने. म्हणजे दुसऱ्या सेटवर ४च्या खालीही जाऊ शकते. ओल्या मातीत मी आत्ताच एकदा चाक जाम होऊन उतरलोय, त्यात आणखी मिलिमीटर घालवायची हौस नाही. कागदावर रुंद रिम इतकी छान दिसत होती की फ्रेम मोजायचं सुचलंच नव्हतं.

प्रतिसाद

कार्बन स्पोकबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. ते तुटतील म्हणून नव्हे, प्रश्न तुटल्यानंतरचा आहे. स्टीलचा स्पोक योग्य लांबीचा मिळाला की कुठलाही बरा मेकॅनिक बसवतो. कार्बनचा बहुधा त्या कंपनीचाच लागतो, तो येईपर्यंत सायकल भिंतीला टेकलेली. वर निपल रिमच्या पोटात, म्हणजे थोडासा आउट काढायलाही टायर उतरवा, रिमवरची हवा अडवणारी टेप काढा, पुन्हा टेप, पुन्हा सीलंट. ८८ किलोला मी तरी २८ स्पोकच घेईन. वजनाची मर्यादाही वाचा. काही कंपन्या ती फक्त चालवणाऱ्याची सांगतात, काही सायकल-सामानासकट. तुम्ही १०२वर आहात, हा फरक तुम्हाला लागू पडतो.

धागाकर्ता

पहिल्याला १२० किलो सायकलसकट. दुसऱ्याला ११०, पण कशासकट ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि माझ्या दगडाचं काय? असा धक्का कार्बन सोसेल?

प्रतिसाद

ॲल्युमिनियमला पोचा पडतो, कार्बनला पोचा पडत नाही. एकतर काहीच होत नाही, नाहीतर तडा जातो. तडा गेलेल्या रिमला पान्याचा उपयोग नाही, ती बदलायचीच. म्हणून अपघातानंतर रिम सवलतीत बदलून मिळते का आणि किती वर्षं, हे खरेदीआधी लेखी घ्या. मोठा धक्का बसला की टायर उतरवून रिमची कड बोटाने चाचपा, नाण्याने टकटक करत फिरा. एखाद्या जागी आवाज दबका आला किंवा रिमच्या बाजूने सीलंट पाझरताना दिसलं तर ते चाक चालवू नका. मागच्या टायरमध्ये रिमला धक्क्यापासून वाचवणारा फोमचा इन्सर्टही घालता येईल, पण तुमची गोष्ट वाचून वाटतं की आधी हवा मोजायचा गेज घ्यावा.

धागाकर्ता

गेज मागवतोय, कबूल.

पहिला सेट नक्की केला. डांबरी राइडसाठी हुक हवाच, फ्रेममध्ये २७ला जागा नाही, आणि रस्त्यात चाक बिघडलं तर दुरुस्त करता आलं पाहिजे. दुसरा दिसायला अजूनही जास्त आवडतो, तो भाग वेगळा. शेवटचं विचारतो: आतली रुंदी २४ असेल तर ट्यूबलेस टेप किती रुंदीची? आणि कॅसेट १२ स्पीडचीच राहणार, तर एक्सडीआरच घेऊ ना?

प्रतिसाद

तीच कॅसेट ठेवणार असाल तर एक्सडीआरच. उद्या डोंगरी सायकलची एक्सडी कॅसेट लावावीशी वाटली तरी १.८५ मिमीचा स्पेसर टाकून ती याच फ्रीहबवर बसते. टेप २८ची घ्या. रिमच्या मधल्या खळग्यातून दोन्ही कडांपर्यंत चढली पाहिजे, नुसती स्पोकची भोकं झाकून भागत नाही. ताणून लावा, व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूपासून सुरुवात करा आणि टायर चढवण्याआधी एक रात्र ट्यूब घालून हवा भरून ठेवा, म्हणजे टेप नीट दाबून बसते.