‘त्रिमितीय प्रकाशीय स्मृती’: याला बरा शब्द सुचवा

ऐरोली: नववी-दहावीच्या मुलांसाठी लेसरवर लेख लिहितोय. ‘थ्री-डी ऑप्टिकल मेमरी’ला, म्हणजे लेसरने ठोकळ्याच्या आत खोलवर माहिती साठवण्याला, वरचा शब्द योजला आणि आईला वाचून दाखवला. म्हणाली, “मिती म्हणजे तिथी ना? तीन तिथ्या, वर स्मृती. कुणाचं श्राद्ध आहे?”

नौपाडा, ठाणे: आईंचं चुकलेलं नाही. जुन्या पत्रांच्या डोक्यावर ‘मिती श्रावण शुद्ध पंचमी’ असंच असायचं. पण ‘त्रिमितीय’ आता रुळलाय, चालेल. मला खटकते ती ‘स्मृती’. आठवण माणसाला असते, इथे नुसता साठा आहे. साठवण म्हणा.

ऐरोली: ‘त्रिमितीय साठवण’ म्हणजे गच्चीवरची टाकी वाटते हो!

वाशी: कारण नेमकी गोष्ट, म्हणजे आत खोलवर साठवणं, त्या शब्दात येतच नाही. इथल्या एका दुकानात काचेचा ठोकळा मिळतो, आत ठिपक्याठिपक्यांचा गणपती. वरून नख फिरवा, गुळगुळीत. लेसर काच ओलांडून आत जातो आणि जिथे एकवटतो तिथेच बारीक तडा पाडतो. माहिती साठवायची युक्ती याच जातीची, फक्त तड्याऐवजी रेणू बदलायचा. एका रेणूने दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकदम गिळले तरच तो बदलतो, आणि तशी शक्यता प्रकाशाच्या तीव्रतेच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे लेसर एकवटतो त्या नाभीबिंदूवर काम होतं, वाटेतला भाग कोरा राहतो. हे दोन फोटॉनांचं गणित भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ सालीच मांडलं होतं, तेव्हा लेसर जन्मालाही आला नव्हता. त्यावर आधारलेली साठवण कॅलिफोर्नियात रेन्झेपिस या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये दाखवली. वाचताना दुसऱ्या रंगाचा लेसर टाकायचा. लिहिलेला ठिपका चमकतो, कोरा गप्प.

नौपाडा, ठाणे: मग ‘बहुथरी’ का नको? दहीहंडीमुळे थर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो.

वाशी: तो ब्लू-रे डिस्कला द्या. तिथे खरेच थर असतात, एकेकात २५ जीबी. ठोकळ्यात थर आधी बांधलेलेच नसतात, लेसर खाली-वर केला की पडतात. मी ‘घनसाठा’ म्हणेन. घनफळ मुलांना येतंच.

नौपाडा, ठाणे: घन म्हणजे ढगसुद्धा. पण ‘प्रकाशीय घनसाठा’ कानाला बरा लागतो, हे कबूल.

ऐरोली: घेतला. आणि इंग्लंडमधल्या साउथम्प्टनच्या विद्यापीठाने २०१३ मध्ये दाखवलेली, माहिती साठवणारी ‘फाइव्ह-डी’ काच?

वाशी: त्यात जागेच्या मिती तीनच. उरलेल्या दोन म्हणजे त्या ठिपक्यातल्या दुहेरी अपवर्तनाची (प्रकाश दोन भागांत फुटण्याची) दिशा आणि प्रमाण. ‘पंचमितीय’ लिहा, फक्त आईंना दाखवू नका. नागपंचमी कधी आहे विचारतील.